बांधावरच्या मुंग्या आणि निंबाभाऊ

केळीचा घड डोक्यावर घेऊन सरीतून चालायचं तर जोर एकदाच लागतो, उचलताना. पुढे गाडीपर्यंत सगळा तोल. घड वीस-पंचवीस किलोचा. खाली चिखल, त्यात कापलेली पानं. वरची पानं तोंडावर येतात. मान हलली की घड खोडाला घासतो आणि घासलेल्या केळ्यावर दुसऱ्या दिवशी काळा डाग येतो. तो माल व्यापारी बाजूला काढतो. मी एकतीस वर्षं घड वाहिले. त्यातली एकोणीस नशिराबादला, निंबाभाऊंच्या टोळीत. त्यांच्याइतकं नीट चालणारा माणूस मी पाहिला नाही.

निंबाभाऊ मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. तिकडे कोरडवाहू कपाशी. विशीत ते बायकोला, ताईबाईला, घेऊन केळीच्या भागात कामाला आले आणि इथेच राहिले. चाळीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच, सगळ्याला 'बठ्ठा' म्हणणारी. "बठ्ठा माल आडवा ठेवू नका, देठ बाहेर," असं ओरडायचे. पोरं नक्कल करायची. त्यांना चालायचं. घड आपटलेला मात्र चालायचा नाही. कोणी घड आपटला तर शिवी देत नसत. स्वतः जाऊन तो घड उचलत, पुन्हा नीट ठेवत आणि त्या माणसाकडे नुसतं पाहत. शिवी परवडली असती.

आमची टोळी सात जणांची. सकाळी सहाला मळ्यात. एक कापणार, एक झेलणार, बाकीचे वाहणार. गाडीत खाली केळीची पानं अंथरायची, मग थर लावायचे. मुकादम निंबाभाऊ, पण मुकादम म्हणून ते कधी बांधावर बसले नाहीत. आमच्याइतकेच घड वाहायचे.

बाटलीची पद्धत त्यांनीच पाडली. आधी गाडी भरून झाली की पाणी प्यायचं आणि घरी जायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचा माणूस उन्हाळ्यात लाल रंगाच्या थंड बाटल्या घेऊन आला. जिभेला चटका देणारं, गोड, फसफसणारं. प्यायलं की अंगात तरतरी येई. निंबाभाऊंना ते फार आवडलं. त्यांनी व्यापाऱ्याला सांगून टाकलं, गाडी भरली की टोळीतल्या प्रत्येकाला बाटली पाहिजे. मग एक नियमही आपोआप झाला. पहिली बाटली मुकादमानं उघडायची. त्यांनी घोट घेतला की बाकीच्यांनी. त्याआधी कोणी झाकणाला हात लावत नसे. लग्नात मान्यवरांच्या आधी कोणी जेवायला बसत नाही, तसं.

दोन गाड्या तर दोन बाटल्या. तीन तर तीन. शिवाय निंबाभाऊ जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन लिटरची काळी बाटली घरी न्यायचे. घरी ताईबाई, आणि नात भूमिका, तेव्हा नऊ वर्षांची. मुलगा-सून जळगावला चटईच्या कारखान्यात. ती दोघं रविवारी येत. बाटली रोज एक. पाहुणा आला तर दोन. "दिवसभर घाम गाळस," निंबाभाऊ म्हणायचे, "मग गोड प्यालो तर काय बिघडनं?"

मलाही त्यात काही चूक वाटत नव्हती. घामाने जे जातं ते बाटलीने भरून येतं, असा आमचा सगळ्यांचा हिशेब होता.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चची गोष्ट. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, कापणी जोरात होती. निंबाभाऊ पाच लिटरचं पाण्याचं भांडं सोबत आणायचे. ते पूर्वी दुपारपर्यंत पुरायचं. आता नऊलाच रिकामं. मग विहिरीवर जाऊन भरून आणायचे, तेही संपायचं. आणि जेवढं पाणी आत, तेवढं बाहेर. दर अर्ध्या तासाने ते बांधाकडे निघत.

"भाऊ, आते कथा चालना?" ललित त्यांच्याच बोलीत विचारायचा. ललित आमच्यातला सगळ्यात तरुण, तिशीचा, दोन पोरांचा बाप. कुठे निघालात, असा त्याचा प्रश्न. आणि उत्तर सगळ्यांना माहीत.

"तुना बापले पाणी द्यायला," निंबाभाऊ म्हणायचे.

ऊन आहे, तहान लागणारच. आम्ही एवढाच विचार केला.

लघवीला जायचं ते मालापासून लांब, उत्तरेच्या बांधावर. हाही निंबाभाऊंचाच नियम. एका सकाळी पितांबर तिकडून हसत आला. पितांबर आमच्यातला बोलका माणूस, त्याला पोटात काही ठेवता येत नाही.

"अरे, बांधावर जत्रा भरलीये," तो म्हणाला. "काल आपण जिथे उभे राहिलो तिथे मुंग्याच मुंग्या. कोणाचं तरी फार गोड आहे बुवा."

आम्ही जाऊन पाहिलं. खरंच होतं. ओल वाळून गेली होती आणि त्या डागावर मुंग्यांचा काळा थर. शेजारची जागा मोकळी.

लघवीला मुंग्या लागल्या तर साखरेचा आजार, हे आम्ही ऐकून होतो. पण सात जणांची जागा एकच. मुंग्या कोणाच्या? पितांबर ललितकडे पाहू लागला, ललित माझ्याकडे. "नाना, तुमचं वय झालं," ललित म्हणाला. माझं नाव रतिलाल. टोळीत मला नाना म्हणत.

"माझं वय झालं, तर तुझं पोट बघ," मी म्हणालो.

त्या दिवशी घड कमी आणि आरोप जास्त वाहिले गेले. निंबाभाऊ हसत होते. ते म्हणाले, "बांधलेच विचारा."

मला ती गंमत सोडवेना. बांधाला विचारायचं तर नीट विचारावं. मी म्हणालो, उद्यापासून प्रत्येकाने आपली जागा ठरवून घ्यायची. कापलेली खोडं उभी आहेत. प्रत्येकाला एक खोड. परवा सकाळी बघू.

बघितलं तर तीन खोडांपाशी मुंग्या. पितांबरच्या, निंबाभाऊंच्या आणि माझ्या. मोठा गोंधळ झाला. पितांबरचं तोंड पडलं. निंबाभाऊ मात्र खोडापाशी उकिडवे बसले, बोटाने साल दाबून पाहिली आणि म्हणाले, "खोडातून चीक येतो. मुंग्या त्या चिकावर शेत. हे काही खरं नही."

बरोबर होतं. कापलेल्या खोडावर मुंग्या एरवीही येतात. माझी चूक होती. जागा निवडताना मी आळस केला होता.

मग दुसऱ्यांदा नीट केलं. पश्चिमेचा बांध उघडा होता. तिथे झाड नाही, खोड नाही, गवतही वाळलेलं. केळीला टेकू द्यायच्या बांबूचे सात तुकडे करून मी चार-चार हातांवर रोवले. एक एकाचा. आदल्या दिवशी तिथे मुंग्यांचं वारूळ जवळ नाही हे फिरून पाहिलं. कोणी बाटलीतलं उरलेलं तिकडे ओतायचं नाही, हेही बजावलं. पितांबर म्हणाला, "नाना, परीक्षेलासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो."

दुसऱ्या सकाळी पाचव्या बांबूपाशी मुंग्या होत्या. फक्त पाचव्या. पाचवा निंबाभाऊंचा.

कोणी हसलं नाही. निंबाभाऊ म्हणाले, "तठे जमिनीतच काही असेल. जागा बदला."

जागा बदलल्या. ते दुसऱ्या बांबूवर गेले, मी पाचव्यावर. एक दिवस गेला. सकाळी ते आमच्या आधी बांधावर जाऊन उभे होते. मुंग्या दुसऱ्या बांबूपाशी आल्या होत्या. पाचवी जागा कोरडी, मोकळी.

"चला, गाडी उभी शे," एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले. त्या दिवशी तीन गाड्या झाल्या. तिन्ही वेळा त्यांनी बाटली उघडली.

दवाखान्यात जायचं नाव नाही. मी दोनदा म्हणालो. "माले काय व्हयनं? घड वाहतो ना?" हे उत्तर. मला ते पटलंही. जो माणूस दिवसाला शे-दीडशे घड वाहतो, तो आजारी कसा? आमच्याकडे आजारी म्हणजे जो उठू शकत नाही तो. चालता माणूस आजारी असतो हे आमच्या डोक्यात बसतच नव्हतं.

मग त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला बांबूची चीर लागली. एवढीशी. अशा चिरा आम्हाला रोजच्या. हळद दाबायची आणि चालायचं. माझी चीर चार दिवसांत भरते. त्यांची दोन आठवडे झाले तरी ओली. ते दुखतही नाही म्हणत. पण मी मागून चालत असे, मला दिसत होतं. डावं पाऊल आता बाहेरच्या कडेवर पडत नव्हतं. घड वर स्थिर, पण खाली तोल उजवीकडे सरकलेला. जो माणूस इतकी वर्षं एकसारखा चालला, त्याची चाल बदलली म्हणजे दुखणं नक्की होतं. त्याला जाणवत नव्हतं, एवढंच.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा-सून त्या रविवारी आले नव्हते. निंबाभाऊ झोपलेले. ताईबाईंनी पाटावर बसवलं आणि आधी काळं थंड भरून पेला पुढे केला. पाहुण्याला पाणी द्यायची पद्धत त्या घरातून केव्हाच गेली होती.

"ताईबाई, हे राहू द्या," मी म्हणालो. "मी मुंग्यांचं सांगायला आलोय."

सगळं सांगितलं. खोडं, बांबू, जागा बदलणं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तुम्ही सात बाप्ये, म्हातारे व्हयनात, आणि हे धंदे?" मग हसू थांबलं. "रात्रीतून बारा वेळा उठतात हो अलीकडे. मी म्हटलं, उन्हाळा शे."

भूमिका बाटली हातात घेऊन बसली होती. गुटगुटीत पोर, हसली की पुढचे दोन दात काळे दिसायचे. तिला बारीक अक्षर वाचायची हौस. "आजी, यावर लिहिलंय. शंभर मिलिलिटरला साखर साडेदहा ग्रॅम."

"म्हणजे किती?"

"बाटली दोन हजारची. म्हणजे..." ती बोटांवर करू लागली. "दोनशे दहा."

"दोनशे दहा काय?"

"ग्रॅम. साखर."

ताईबाईंचा विश्वास बसला नाही. "कागदावर काहीही लिहितात. पाण्यासारखं पातळ शे ते. एवढी साखर घातली तर घट्ट नही व्हवाव?" त्या लाडवांचा पाक करण्यात गावात नावाजलेल्या. साखर किती घातली की पाक कसा होतो हे त्यांना कागदापेक्षा जास्त कळत होतं. त्या उठल्या. फ्रिजमधून न उघडलेली बाटली काढली. मोठी ॲल्युमिनियमची पातेली घेतली आणि भूमिकाला म्हणाल्या, "जाय, दुकानात ही रिकामी पातेली तोलून आण. काट्यावर काय येतं ते लिही."

पोर पळत गेली, पळत आली. मग बाटली पातेलीत ओतली आणि गॅस मोठा केला.

आधी नुसता फेस. फेस बसला, मग उकळी. घरभर जळक्या गोडाचा वास. आम्ही तिघं पातेलीभोवती. ताईबाई काही करत नव्हत्या. आच तेवढी कमी-जास्त. चाळीस मिनिटांनी पातेलीच्या तळाशी दोन बोटं पाणी राहिलं. मग तेही काळपट, जड. बुडबुडे मोठे येऊ लागले आणि सावकाश फुटू लागले. त्यांनी चमच्याने थेंब घेतला, दोन बोटांत धरला, बोटं लांब केली. तार आली. न तुटता.

"एकतारी," त्या म्हणाल्या.

त्यांनी गॅस बंद केला. थंड झाल्यावर भूमिका पुन्हा पातेली दुकानात घेऊन गेली. मी सोबत गेलो, मलाही काटा बघायचा होता. पातेलीचं वजन वजा करून पाव किलोला थोडं कमी आलं. त्यात पाण्याचा अंश धरला तरी पोरीचा हिशेब चुकला नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा निंबाभाऊ उठून ओट्यापाशी उभे होते. ताईबाईंनी पातेली त्यांच्यापुढे तिरकी केली. काकवीसारखं काळं, ओघळायला तयार नाही.

"हे काय शे?"

"तुमची रोजची बाटली. पाणी उडवलं, बाकी तशीच शे. घ्या, खा चमच्याने."

निंबाभाऊंनी बोट बुडवून चाटलं. दुसऱ्यांदा बुडवलं नाही. "एवढं आपण तिघं रोज...?"

"तिघं नही. तुम्ही निम्मं. निम्म्यात आम्ही दोघी. वर तुमच्या लाल बाटल्या वेगळ्या."

निंबाभाऊ भूमिकाकडे पाहत राहिले. मुंग्यांनी जे झालं नव्हतं ते पातेलीने झालं. दुसऱ्या दिवशी मळ्यात न जाता ते जळगावला गेले. मी सोबत होतो.

तिथे मेहरूण भागात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी बोटाला टोचून रक्त घेतलं. तीनशे एक्क्याऐंशी. मग पायावरची पट्टी सोडली. करंगळीकडे बराच वेळ पाहिलं. एका काडीने पायाच्या बोटांना शिवलं आणि विचारलं, "काका, कळतंय?"

"काय?"

"मी शिवतेय ते."

त्यांना तीन बोटांवर काही कळत नव्हतं.

बाई सावकाश बोलल्या, आम्हाला समजेल असं. रक्तात साखर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं, सोबत पाणी जातं, म्हणून तहान लागते. "तहान लागली की तुम्ही काय पिता?"

"पाणी. आणि मग थंड."

"म्हणजे ज्या साखरेमुळे तहान लागली, तीच पुन्हा आत."

मी मुंग्यांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आम्ही बांबू रोवून जागा बदलल्या हे त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "पण त्यावर विसंबू नका. साखर बरीच वाढल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. मुंग्या यायच्या आधी कितीतरी वर्षं आजार चालू असतो. रक्तच तपासायला हवं."

मला एक विचारायचं होतंच. "आम्ही सगळे तेच प्यायलो. मग यांनाच का?"

"एकट्या बाटलीने होतं असं मी म्हणणार नाही. वय असतं, घराण्यात असतं. पण पातळ साखर पोटात थांबत नाही, सरळ रक्तात जाते, आणि पोटही भरत नाही, म्हणून माणूस वर जेवतो. रोज इतकी वर्षं." मग त्या म्हणाल्या, "आणि यांनाच, हे तुम्हाला कसं माहीत? बाकीच्यांना पाठवा."

बाकीचे गेले. सात जणांत आणखी दोघांची साखर हद्दीबाहेर निघाली. त्यातला एक मी. माझ्या बांबूपाशी कधी मुंगी फिरकली नव्हती. ताईबाईंची काठावर निघाली. भूमिकाची बरी होती. तिला दात आणि वजन तेवढं सांभाळायला सांगितलं.

निंबाभाऊंना गोळ्या दिल्या. रोज पट्टी, पाय कोरडा, चिखल नाही, गोड पेय एक थेंब नाही. "पंधरा दिवस. बोट वाचलं तर वाचलं. नाही तर काढावं लागेल, आणि वर चढलं तर बोटावर भागणार नाही."

"करंगळी गेली तर घड वाहता येईल?" निंबाभाऊंनी विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं.

"ते तुम्हालाच बघावं लागेल."

घरातली बाटली त्याच दिवशी बंद झाली. ताईबाईंनी फ्रिजच्या दारातला तो कप्पाच काढून टाकला. पाहुण्याला पाणी, नाही तर ताक. भूमिका चार दिवस रुसली, मग तिने शेजारच्या मैत्रिणीकडे पातेलीचा प्रयोग करून दाखवला आणि त्या घरातलंही भांडं करपवलं.

मळ्यात मात्र वेगळंच झालं. निंबाभाऊ घरी बसले नाहीत. पायात रबरी बूट घालून बांधावर येत, तिथून सांगत. घड वाहत नव्हते. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस बाटल्या घेऊन आला की सगळे त्यांच्याकडे पाहत. कारण पहिली बाटली मुकादमाची.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तुम्ही प्या."

कोणी झाकण उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. पितांबर म्हणाला, "भाऊ, तुम्ही नाही तर आम्ही कोरडेच? नुसता मान ठेवा. एक घोट."

त्यांनी एक घोट घेतला. दुसऱ्या दिवशीही. कापणीचे दिवस, रोज दोन-तीन गाड्या. आणि निंबाभाऊंचा घोट म्हणजे अर्धी बाटली. मी हे पाहत होतो. बोललो नाही. मुकादमाला चारचौघांत टोकायचं कसं, हा विचार करत दिवस घालवले. माझ्या हातून झालेल्या चुकांत ही मोठी.

बारा दिवसांनी पुन्हा जळगाव. साखर दोनशे ऐंशी. करंगळी काळी.

"गोळ्या घेता?"

"रोज."

"घरी गोड बंद?"

"बठ्ठं बंद," ताईबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या सोबत होत्या.

बाई निंबाभाऊंकडे पाहत राहिल्या. ते जमिनीकडे. शेवटी म्हणाले, "मळ्यात. मानाचा घोट."

ताईबाईंनी सगळ्यांसमोर कपाळावर हात मारला नाही की रडल्या नाहीत. "किती गाड्या व्हयन्यात?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. सत्तावीस.

करंगळी त्याच आठवड्यात काढली. त्या घोटांमुळेच गेली का, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कदाचित आधीच उशीर झाला होता. पण घोटांनी मदत नक्की केली नाही.

पुढच्या सोमवारी गाडी भरत आली असताना ताईबाई मळ्यात आल्या. नशिराबादहून चालत. डोक्यावर माठ, हातात पितळी तांब्या. व्यापाऱ्याचा माणूस बाटल्या घेऊन उभाच होता. निंबाभाऊ दवाखान्यातून आलेले, बांधावर पाय लांब करून बसलेले.

"पहिलं मुकादमानं प्यायचं, असंच शे ना?" त्यांनी विचारलं.

"हो अक्का," ललित म्हणाला.

"काय प्यायचं हे कोठे ठरेल शे का?"

त्यांनी तांब्या भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. निंबाभाऊ सगळा तांब्या प्यायले. मग मी. मग ललित. पितांबर पाणी प्यायला आणि मग त्याने बाटलीकडे हात नेला. "अक्का, नियमात बसतं ना आता?"

"बसतं. तुनी करंगळी, तू पाही ले."

पितांबरने हात मागे घेतला. तेव्हा. पुढे तो कधी कधी पितो, मला माहीत आहे. आणखी एक जणही पितो. पण व्यापाऱ्याच्या माणसाला आता सात बाटल्या आणाव्या लागत नाहीत. आणि टोळीत आधी माठ फिरतो.

राहिलं निंबाभाऊंचं वाहणं. जखम भरायला अडीच महिने लागले. घरी बसा, टोळी आम्ही सांभाळतो, असं सगळे म्हणाले. ते म्हणाले, "बसलेला मुकादम कोणी ऐकत नही." एक दिवस मी त्यांना पश्चिमेच्या बांधावर पाहिलं. एकटे. पायात ते बूट, डोक्यावर फक्त घड टेकवायची कापडी चुंबळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. वळताना डावीकडे कलत होते. करंगळी एवढीशी, पण वळताना सगळा भार तिच्यावरच येत असावा. मला तोवर माहीत नव्हतं. मी घरी येऊन माझा पाय उचलून पाहिला, करंगळी वर धरून वळून पाहिलं. खरंच तोल जातो.

आठवडाभर चुंबळ. मग चुंबळीवर विटा, एक, मग दोन. मग अर्धा कापलेला घड, विकायचा नव्हता तो. रोज सकाळी आमच्या आधी अर्धा तास. दोनदा पडले. एकदा पडले ते ताईबाईंनी पाहिलं, आणि त्या उचलायला गेल्या नाहीत. माठ ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. बघवलं नसतं तर त्यांना घरी परत जाता आलं असतं. निंबाभाऊ उठले, विटा गोळा केल्या आणि पुन्हा टोकापासून सुरुवात केली. वळताना आता ते डावा पाय टाकतच नसत; उजव्या पायावर थांबून अंग फिरवत, मग पुढे. वेळ जास्त लागत होता, पण वरच्या विटा हलत नव्हत्या.

जुलैच्या अखेरीस मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, कापणी लागली. निंबाभाऊ बूट घालून सरीत उतरले आणि झेलणाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. त्या सकाळची साखर त्यांनी मोजून घेतली होती, एकशे अठ्ठावीस. ती त्यांनी आम्हाला सांगितलीही, जशी पूर्वी घडाची वजनं सांगत. ललितने घड झेलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवता ठेवता देठ धरून ठेवला.

"हात काढ," निंबाभाऊ म्हणाले.

"भाऊ, सरीत पाणी आहे."

"माले दिसतं. काढ."

ललितने हात काढला. सरीतून गाडीपर्यंत साठ पावलं, मध्ये एक वळण. वळणावर ते उजव्या पायावर थांबले, फिरले, चालले. आधी घड घेतलेले, न घेतलेले, आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो होतो. माझ्या डोक्यावरचा घड जड वाटायला लागला तरी मी पाऊल टाकलं नाही. त्यांनी घड गाडीत पानांवर उतरवला, देठ बाहेर ठेवला, हाताने केळी चाचपून पाहिली. कुठे घासलं नव्हतं.

मग ते रिकामे परत आले आणि ललितसमोर उभे राहिले.

"दुसरा दे."